पालथी फळी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मिस्त्रीने माझी पहिली फळी उचकटली. दुपारी चारपर्यंत माझा पाळणा झाला होता.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पॅलेट आहे. गोदामात माल ज्यावर रचतात, तो. अकरा वर्षांत पाचदा मोडलो. दर वेळी मिस्त्री म्हणायचा, “मोडलंय, मेलं नाही!” मग दुसऱ्या मोडक्या पॅलेटची फळी मला बसवायचा. माझ्यासाठी पुन्हा झाड पडले नाही, याचा मला अभिमान होता.

त्याची एक पद्धत होती. खराब बाजू खाली, कोरी वर. तिसरी फळी त्याने अशीच पालथी ठोकली. तिच्यावर कीटकनाशकाचे पिंप गळले होते. मिस्त्रीला तो डाग तेलाचा वाटला. बाकीच्या फळ्या कुरकुरायच्या, ही कायम गप्प. मुंग्या तिला वळसा घालून जायच्या. मांजर माझ्यावर झोपायचे, पण तिच्यावर पाय ठेवत नसे.

आज ती खिळ्यांतून निघेना, म्हणून त्याने तिचे टोक माझ्या खालच्या लाकडी ठोकळ्यावरच ठेवून ती कापली. पाळण्यात उशाला बसवली आणि डागावर कापड ठोकले.

त्याची बहीण पाळणा न्यायला आली. तिचे बाळ सव्वा महिन्याचे.

“दादा, वास कसला रे?”

“जुन्या लाकडाचा. तुझ्या नाकाच्या तक्रारी लहानपणापासूनच्या!”

“नाक आहे ते, मिरवायला नाही ठेवलेलं.”

“बरं बाई, दोन दिवस उन्हात ठेव.”

ती पाळणा घेऊन गेली. पाच वीसला मिस्त्रीने ठोकळ्यावरचे टोक काढले. खालून पिंपाच्या लेबलाचा तुकडा निघाला. त्यावर अर्धी कवटी होती. त्याने खिशातला फोन काढला.

मित्रांनो, मोडलेले जरूर जोडा. फक्त जोडण्याआधी फळी उलटून पाहा, आणि तिच्यावर काय सांडले होते ते विचारा.

माझे ठोकळे मिस्त्रीच्या पायाशी आहेत, फळ्या बहिणीच्या घरी. मला दोन्हीकडचे ऐकू येते. इथे तो पुन्हा पुन्हा नंबर लावतो आहे. तिथे फोन वाजतो आहे, कोणी उचलत नाही.

पाच अठ्ठावीसला पाळणा एकदा हलला. वाऱ्याने की वजनाने, ते कळलेले नाही. उशाची फळी काही सांगत नाही.