डोहाला दिलेली दुनळी

"वापस क्यों डाल रहा था? बोल!"

ठेकेदाराचा माणूस ओरडत होता आणि गोपाळ केवटाच्या अंगावरून पाणी निथळत होतं. तंबूतल्या टेबलावर चिखलाने माखलेलं एक लांबट बोचकं पडलं होतं. त्या माणसाने वरचं कुजकं लाल कापड काठीने बाजूला सारलं, तशी आतली बंदूक दिसली. दुनळी. नळ्या गंजाने खाल्लेल्या, दस्ता काळा पडलेला.

टेबलामागे बसलेले श्रीधर पागे उठून उभे राहिले, आणि उठून काय करायचं ते न सुचल्यामुळे परत बसले.

पागे सिंचाई विभागात बाबू होते. सिंहस्थ तोंडावर आला होता आणि क्षिप्रेचा गाळ काढायचं काम चाललं होतं. देशात नवं आर्थिक धोरण आलं होतं म्हणे. पागेंच्या ऑफिसात त्याचा अर्थ एवढाच की गाळ सरकारी मजुरांऐवजी इंदूरच्या ठेकेदाराचं मशीन काढायचं, आणि मशीन खरंच चालतंय का हे बघायला पागे राम घाटाच्या वरच्या अंगाला तंबूत बसायचे. मशीनला काही अडकलं की गोपाळ, एरवी घाटावरचा नावाडी, बुडी मारून मोकळं करायचा. आज त्याने हे बोचकं वर आणलं, हातात धरून जरा पाहिलं, आणि हळूच परत पाण्यात सोडायला गेला. नेमकं तेवढंच ठेकेदाराच्या माणसाने पाहिलं.

चौकीतून हवालदार आले. "मेले में लाखों लोग आएँगे और ये यहाँ तोपखाना गाड़ के बैठा है! बाबूजी, आपके सामने ही निकली ना?"

"हाँ," पागे म्हणाले. मानही हलवली.

गोपाळने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. मग ओल्या कपड्यांनीच तो हवालदारांच्या पुढे चालायला लागला.

बंदूक पागेंची होती. नीट सांगायचं तर त्यांच्या वडिलांची. पूर्वज शिंद्यांच्या पागेत कारकून. त्यांतलं कुणी घोड्यावर बसल्याचं ऐकिवात नाही, पण खंडेनवमीला हत्यार पुजायची रीत घरात टिकून होती. तिच्याखातर वडिलांनी लायसन्स काढून ही दुनळी घेतली. आयुष्यात ती एकदाच वाजली, माधव नगरच्या गच्चीवर, माकडं पळवायला. माकडं हलली नाहीत, शेजारी हलले.

वडील गेले आणि लायसन्सही त्यांच्याबरोबर गेलं. बंदूक ठाण्यात जमा करायला हवी होती. पागे ठाण्याच्या फाटकापर्यंत जायचे आणि आतली गर्दी बघून परतायचे. होता होता उशीर इतका झाला की त्या उशिराचीच भीती वाटायला लागली. शेवटी आई म्हणाली, "पुजलेलं हत्यार त्या कोठडीत चोरांच्या सामानात पडू देणार का तू? भंगलेली मूर्ती आपण काय करतो? क्षिप्रामाईला देतो ना?"

तसंच केलं, त्यालाही आता काही वर्षं झाली. नंदाने, म्हणजे पागेंच्या बायकोने, बंदुकीला हळदकुंकू लावलं, लाल कापडात गुंडाळून नारळासकट गाठ मारली. पागे पहाटे गोपाळच्या होडीत बसले. "भग्न मूर्ति है," ते न विचारताच म्हणाले.

गोपाळने बोचक्याकडे पाहिलं. "लंबी मूर्ति है, बाबूजी." एवढं बोलून त्याने होडी सगळ्यात खोल डोहावर नेली, आणि बोचकं बुडाल्यावर त्यानेही हात जोडले.

"बोचकं तर माझ्या हातचं होतं," संध्याकाळी सगळं ऐकून नंदा म्हणाली. "मग तुम्ही काय बोललात?"

"काही नाही."

"आणि गोपाळ?"

"तोही काही नाही."

"म्हणजे आता बंदुकीनेच बोलायचं."

"तुला मजाक सुचून राहिली आहे? बिना लायसन्सचं हत्यार, वरून नदीत फेकलेलं. सस्पेंड करतील मला. इतक्या वर्षांची नोकरी मातीत जाईल. त्याला काय, विचारतील आणि सोडतील दोन-चार दिवसांत."

सोडलं नाही. मेळ्याचा बंदोबस्त कडक होता. पागे रोज तंबूत बसायचे. जीपचा आवाज आला की त्यांना वाटायचं, गोपाळने सांगितलं. जीप पुढे निघून गेली की जीव भांड्यात पडायचा, आणि मग त्या सुटकेचीच लाज वाटायची. ती लाज घरी पोचेपर्यंत टिकायची. चहा झाला की कमी व्हायची.

एका दुपारी गोपाळची बायको मीना तंबूत आली. "बाबूजी, आप तो वहीं थे. साहब को बोल दो ना, इसने निकाली है, छुपाई नहीं. मेले में नाव चलाने का परमिट बँट रहा है. खुद हाजिर होना पड़ता है. बारह साल में एक बार तो हमारी बारी आती है."

"देखता हूँ," पागे म्हणाले. ऑफिसात हा शब्द ते दिवसभर वापरायचे.

मीनाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि निघून गेली.

हेही त्यांनी घरी सांगितलं. सांगितल्यावाचून राहवतही नव्हतं. नंदा पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं.

"तो तुमचं नाव सांगत नाही, म्हणून तुम्हीही गप्प. वा! काय दोस्ती आहे."

"उद्या जातो."

"हे तुम्ही परवापण बोलला होता."

"उद्या पक्का जातो."

पागे ठाण्यात गेले, पण उद्याचा परवा करूनच. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, आणि सस्पेन्शनच्या काळात अर्धा पगार मिळतो हे मनाशी घोकत.

"आइए पागे साहब, बैठिए," दरोगा म्हणाले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. पागेंनी खाली मान घालून सगळं सांगितलं, अगदी हळदकुंकवासकट. दरोगा आधी ऐकत होते, मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"बंदूक का विसर्जन! गणपति समझ लिया क्या?" त्यांनी हवालदारांना हाक मारली. "सुनो भई, तोपखाने का मालिक आया है! अरे साहब, उसमें बचा क्या है? नंबर तक गल गया. कबाड़ है. दो लाइन लिख दीजिए और घर जाइए. आप शरीफ आदमी हैं, पहले दिन बता देते तो हम उस बेचारे को क्यों बिठाते?"

पागेंनी लिहून दिलं. खाली सही केली. इतके दिवस ज्याला भ्यायलो, ते एका कप चहात उरकलं होतं. चहा गोडही होता.

गोपाळला त्याच दुपारी सोडलं. परमिटं आदल्या संध्याकाळी वाटून संपली होती.

सिंहस्थातल्या पर्वणीला पागे आणि नंदा घाटावर गेले, तेव्हा गोपाळ कमरेइतक्या पाण्यात उभा होता. दुसऱ्यांच्या होड्या धरून ठेवायच्या, म्हाताऱ्या माणसांना हात देऊन आत बसवायचं आणि होडी ढकलून द्यायची, असं काम त्याला मिळालं होतं. पागेंना पाहून त्याने सवयीने हात पुढे केला.

"गोपाळ," पागे तो हात धरूनच म्हणाले, "तूने बताया क्यों नहीं?"

"सवारी ने बीच धार में जो छोड़ा, उसकी बात हम किनारे पे नहीं करते, बाबूजी. हमारे में ऐसा ही है."

"पर मुझे तो बोलना था."

गोपाळने जरा विचार केला. रागावल्यासारखा तो दिसत नव्हता.

"हाँ," तो म्हणाला. "आपको तो बोलना था."

मग त्याने नंदाला हात दिला. "सँभल के, भाभीजी, पत्थर पे काई है." दोघांना त्याने होडीच्या मधल्या फळीवर बसवलं. वल्ह्याशी कोणी परका पोरगेला नावाडी होता, बहुतेक बाहेरगावचा. गोपाळने त्याला प्रवाह कुठे ओढतो ते हाताने दाखवलं, होडीला खांदा लावला आणि जोर केला.

होडी सरकली. गोपाळ तिच्याबरोबर छातीइतक्या पाण्यापर्यंत चालत आला. पुढे पाणी खोल होतं. तिथे त्याने होडी सोडली, आणि हात तसाच पुढे राहिला असताना घाटावरून कुणीतरी हाक मारली, तसा तो पुढची होडी धरायला वळला.