पायाखालची पाचर

काकांच्या स्टील गिटारचे कार्यक्रमात लागणारे तीन वेगवेगळे आवाज पुतणीने ॲम्प्लिफायरची नक्कल करणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पेटीत घरीच बसवले होते, हेडफोन लावून, आकडे जुळवून. मागच्या कार्यक्रमात गोड आवाजावरून धारदार आवाजावर जाताच गिटार अशी उसळली की गायिकेचा सूरच बुडाला. "पुन्हा असं झालं तर मी दुसरा वादक बघेन," असं ती शांतपणे सांगून गेली होती.

पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच सभागृहात येऊन काकांनी स्पीकर कार्यक्रमाइतका मोठा केला. मग खिशातून लाकडाची पाचर काढली आणि पायाने आवाज कमीजास्त करायच्या पेडलखाली घट्ट बसवली.

"हे काय काका, दार अडवताय?"

"पाय अडवतोय. तो लबाड असतो गं. आवाज चढला की गुपचूप मागे सरतो, आणि कान म्हणतो, सगळं आलबेल आहे."

त्यांनी एकच सूर तिन्ही आवाजांत वाजवला. धारदार आवाज छातीवर आदळला. पुतणीचा चेहरा उतरला. "घरी तर सारखे होते."

"घरी हळू होते. मोठा झाल्यावरच आवाजाचे गुण कळतात, पोरांसारखे."

ती पेटीवर धारदार आवाज केसभर केसभर कमी करत गेली आणि काका डोळे मिटून तोच सूर वाजवत राहिले, पन्नास वेळा तरी, कपाळावर आठी न आणता. एवढा धीर तिने कुणात पाहिला नव्हता.

संध्याकाळी गाण्याच्या मध्यावर काका गोड आवाजावरून धारदार आवाजावर गेले. पुतणीने श्वास रोखला. गायिकेने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. गिटारच्या सुरात सूर मिसळून ती गातच राहिली.