कच्ची पिन

गाढी नदीच्या काठावर भामाचा दहावा चालला होता. पिंड मांडून बराच वेळ झाला, पण कावळा शिवेना. कावळे समोरच्या झाडावर बसून नुसते बघत होते.

"बाईचा जीव कशात तरी अडकलाय," भटजी म्हणाले. "बोला, वचन द्या तिला."

भामाची बहीण शांती पुढे झाली. "भामे, तुझी नथ मी नाय मागणार. तुझ्या लेकीलाच देऊ. खा गं."

कावळे हलले नाहीत.

भामाचा नवरा दाजी ओल्या पंच्यात उभा होता. त्याच्या भाच्याने, केतनने, हात जोडले. "मामी, वर्कशॉपची काळजी सोड. जहाजाच्या पिना टायमात गेल्या. जुन्या सगळ्या तुटून आलेल्या ना? म्हणून या मी तापवून तेलात बुडवल्या. अशा कडक केल्यात, जन्मात तुटणार नाय."

दाजीने मान वर केली. "काय केलंस?"

"कडक केल्या, मामा. एक नंबर."

पनवेलला दाजीचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. मुंबईच्या गोदीत एक विमानवाहू जहाज दुरुस्तीला आलं होतं. पोटातली विमानं डेकवर नेणाऱ्या त्याच्या लिफ्टच्या या पिना. त्या तुटण्यासाठीच असतात. लिफ्ट कुठे अडली की पिन तुटते, मोटर मोकळी फिरते आणि साखळी वाचते. सुतकामुळे दाजी घरी बसला आणि काम केतनच्या हाती गेलं.

आज चाचणी होती. लिफ्ट मुद्दाम अडवायची आणि पिन तुटते का ते बघायचं. बघायला लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात दाजीचाच फिटर राजस उतरणार होता.

दाजीने केतनच्या हातातून मोबाईल ओढला. राजसचा फोन बंद. गोदीच्या गेटवर मोबाईल जमा करावे लागतात. मग त्याने चाचणीच्या केबिनमधल्या उदयसिंह साहेबांना लावला.

"दाजी? अहो, आज तुमच्याकडे..."

"साहेब, लिफ्ट थांबवा. ती पिन तुटणार नाय!"

"मग उत्तमच की. इतकी वर्षं तुटतायत म्हणून तर आम्ही वैतागलोय."

"नाय हो साहेब! पहिल्या आराखड्यात पिन टणकच होती. लिफ्ट अडली, साखळी तुटली, अख्खी लिफ्ट खाली आली. म्हणून नंतर मऊ लोखंडाची कच्ची पिन घातली. तुमच्याच माणसांनी मला सांगितलंय. माझा राजस खाली हाय!"

पलीकडे भोंगा वाजला. "मोटर सुरू झाली," साहेब म्हणाले आणि रिसीव्हर टेबलावर आपटला. पळत गेलेली पावलं ऐकू आली. मग फक्त मोटरचा आवाज. आधी मोकळा होता, मग जड झाला. लिफ्ट अडली होती.

"दाजी," शांती कुजबुजली, "बोला काहीतरी. आलाय बघा."

एक कावळा खाली उतरला होता. पिंडाकडे उड्या मारत येत होता. सगळे श्वास रोखून उभे होते. फोनमधली मोटर आता कण्हत होती.

"राजस!" दाजी फोनमध्ये ओरडला. "राजस, वर ये रे! वर ये!"

कावळा उडाला. त्याच्यामागे झाडावरचे सगळेच उडाले.

मोटर बंद झाली. दाजीने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला. बऱ्याच वेळाने कुणीतरी रिसीव्हर उचलला.

"दाजी, मी राजस. अवो, साखळी तारेसारखी वाजत होती. मला वाटलं गेलो आता. साहेबांनी मोटर बंद केली म्हणून वाचलो."

"कुठं हायस?"

"वर. केबिनमधे."

"तिथंच बस. कुणाला त्या पिनेला हात लावू देऊ नको."

त्याने फोन खाली केला. शांती रडत होती. "आला होता वो. तुमीच हाकललात तिला."

केतन खाली मान घालून उभा होता.

"गाडी काढ," दाजी त्याला म्हणाला. "कच्च्या लोखंडाच्या नव्या पिना करायच्या. पहिली माझ्यासमोर तोडून दाखवायची."

"आत्ता? मामीचं..."

भटजी म्हणाले, "थोडं थांबू. येतील परत."

"नाय. दर्भाचा करा."

भटजींनी दर्भाचा कावळा वळून दिला. दाजीने तो पिंडाला लावला. लावून झाला तरी हात उचलला नाही. वर रस्त्यावर गाडी सुरू झाली तेव्हा शांतीनेच त्याचं मनगट धरून उठवलं.