धाकटीसाठी निवडलेलं गाव

थंडी पडायला लागली की आमची धाकटी जाऊ वरच्या मजल्यावरून खाली येते, माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसते आणि विचारते, "ताई, यंदा कुठे जाऊ या?"

'जाऊ या' म्हणजे तिनं आणि भावजींनी. मी फक्त सांगायचं.

यात दोष माझाच आहे, असं सगळे म्हणतात. मी दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसते. पेशंट गाल धरून बसलेले असतात, बोलण्याच्या स्थितीत कुणीच नसतं, आणि समोरच्या टेबलावर पर्यटनाच्या मासिकांचा ढीग असतो. ती वाचून वाचून मला जगातली सगळी उबदार ठिकाणं पाठ झाली आहेत. ऐन हिवाळ्यात कुठल्या बेटावर पाणी पोहण्याइतकं कोमट असतं, वाळवंटाकाठच्या कुठल्या गावात गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्या गरम कुंडांत सकाळी बसावं की संध्याकाळी, कुठल्या हॉटेलात समुद्राकडची खोली मागितली तर मागच्या गल्लीची देतात, हे मला झोपेतून उठवून विचारा. गेले मात्र मी कुठेच नाही.

कारण आमचे हे हीटर दुरुस्त करतात. लोक गारठले की यांचे दिवस सुरू होतात. सकाळी अंधारात पिशवी घेऊन बाहेर पडतात, रात्री येतात ते जेवता जेवता पेंगतात. हिवाळ्यात सुट्टी मागणं म्हणजे न्हाव्यानं लग्नाच्या दिवशी नवरदेवाला उद्या या म्हणण्यासारखं. सुट्टी मिळते ती भर उन्हाळ्यात, तेव्हा सगळं गावच तापलेलं असतं आणि कुठे जायची गरज उरत नाही.

म्हणजे निवडायचं मी आणि जायचं तिनं. परतताना ती माझ्यासाठी शिंपल्यांची माळ आणते. माझ्याकडे आता इतक्या माळा झाल्या आहेत की एखाद्या बेटावर दुकान टाकता येईल.

मला तिचा हेवा वाटतो. आडपडदा कशाला ठेवायचा? ती भाजलेल्या रंगाची होऊन येते आणि "ताई, तुमच्यामुळे" म्हणून मिठी मारते, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ती स्वभावानं वाईट असती तर जरा सोपं गेलं असतं. पण ती चांगली आहे, आणि तेच मला जास्त झोंबतं.

यंदा ती आली तेव्हा आमचा खालचा हीटर बंद पडून बरेच दिवस झाले होते. यांना सांगितलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, रविवारी बघतो. रविवारी कुणाचा तरी फोन यायचा आणि हे जायचे. मी दोन स्वेटर, वर शाल आणि पायात यांचे मोजे घालून भांडी घासत होते. धाकटी स्टुलावर बसली आणि म्हणाली, की यंदा भावजींना आठवडाभरच सुट्टी आहे, तेव्हा जागा अशी सांगा की एकही दिवस वाया जाता कामा नये. शिवाय वरच्या हीटरची त्यांनी रीतसर यांच्या कंपनीत तक्रार नोंदवली होती, हे परवाच येऊन नीट करून गेले, आता काय मस्त चालतो म्हणून सांगू, असंही म्हणाली.

हे मला ठाऊक नव्हतं. वरचा हीटर यांनी दुरुस्त केला होता, भर दुपारी, आणि मी खाली यांचे मोजे घालून फिरत होते.

माझ्या डोक्यात त्या क्षणी एक गाव आलं. दक्षिणेचं, बंदराचं, फोटोत फार देखणं. निळी दारं, पायऱ्यापायऱ्यांचे रस्ते. मासिकात अगदी शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हिवाळ्यात तिथे सतत वारा आणि पाऊस असतो, प्रवाशांनी वसंतात यावं.

मी ते गाव सांगितलं. निळ्या दारांचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं. शेवटच्या ओळीचं नाही सांगितलं.

ती गेली आणि माझे दिवस बरे जायला लागले. संध्याकाळी बातम्यांत हवामान लागलं की मी भाजी चिरणं थांबवून उभी राहायचे. त्या किनाऱ्यावर ढगाचं चित्र असायचं आणि ढगाखाली तिरक्या रेघा. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. मला इतकं हलकं वाटायचं की यांनी एकदा जेवताना डोळे उघडून विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं काही नाही, आणि आणखी एक पोळी वाढली.

त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला वर जावं लागायचं. वर काय ऊब होती! पाइप गोठू नयेत म्हणून हीटर मंद चालू ठेवला होता. माणसं नसलेलं ते घर माझ्या घरापेक्षा गरम होतं. मी एक दिवस त्यांच्या सोफ्यावर शाल काढून बसले आणि मनातल्या मनात तिला भिजवत राहिले. भिजलेले बूट, उलटी झालेली छत्री, भावजींचा वैताग. आल्यावर ती काय म्हणेल आणि मी कसा अचंबा दाखवायचा, तेसुद्धा ठरवून टाकलं.

ती आली तेव्हा मी दारातच उभी होते. रंग अजिबात भाजलेला नव्हता. उलट गेली होती त्याहून गोरी दिसत होती, आणि नाक लाल. मी तोंडदेखलं विचारलं, कसं झालं?

तिनं बॅग खाली ठेवली आणि स्टुलावर बसली. "ताई, आठवडाभर पाऊस. दारातून पाऊल बाहेर टाकता आलं नाही."

"अरेरे," मी म्हणाले. ते मी चांगलं म्हणाले.

"पहिल्या दिवशी हे नुसते चिडले होते. मग काय करणार? एकच खोली, एकच रजई. आम्ही पत्ते खेळलो. मग हे बोलायला लागले. ताई, हे लहानपणीचं कधी काही सांगत नाहीत हो. तिथे सगळं सांगितलं. मी पण सांगितलं. रात्री झोप यायचीच नाही, इतकं बोलायचं असायचं." तिनं लाल नाक पुसलं. "इतक्या ठिकाणी गेलो, पण असं कधी झालं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं, हेच गाव सांगायचं?"

 तिनं पिशवीतून काही काढलं नाही. यंदा माळ नव्हती, दुकानापर्यंत जायलाच जमलं नव्हतं, म्हणून तिनं माफी मागितली.

ती वर गेली आणि मी तिथेच बसून राहिले. आजवर तिच्या समुद्राचा हेवा केला होता, उन्हाचा केला होता, हॉटेलातल्या पांढऱ्या चादरींचा केला होता. ते सगळं मी पुन्हा आनंदानं केलं असतं. पण त्या एका रजईनं माझी पार वाट लावली. आणि ती रजई मीच माझ्या हातानं तिला दिली होती. आमचे हे लहानपणी कसे होते, मला ठाऊक नाही. आता कसे आहेत, तेही रात्रीच्या पेंगलेल्या चेहऱ्यावरून जेवढं कळेल तेवढंच.

मग माझा हेवा भलतीकडेच वळला. ज्यांचे हीटर बंद पडतात, त्या साऱ्या घरांकडे. ती माणसं यांना दुपारी बघतात, जागेपणी. चहा देतात. हे त्यांना काय बिघडलंय ते समजावून सांगतात.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि यांच्या कंपनीत फोन लावला. फोनवरची मुलगी नवी होती. मी पत्ता दिला, खालचा मजला, हीटर बंद. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा कुणी आजारी आहे का, असं तिनं विचारलं, कारण अशी घरं आधी घेतात. मी म्हटलं, आजारी आहे. काय होतंय ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर पोटात दुखतंय म्हणून सांगितलं असतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

दुपारी बेल वाजली. दारात हे उभे, हातात पिशवी. यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता रागावणार. पण हे खाली वाकले आणि गिऱ्हाइकाच्या घरी चढवतात तशी निळ्या प्लास्टिकची आवरणं बुटांवर चढवली, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

"आजारी कोण आहे?"

"मी," मी म्हणाले. "आधी हीटर बघा."

यांनी झाकण उघडलं. मी शेजारी स्टूल घेऊन बसले. इतक्या वर्षांत यांना काम करताना मी पाहिलं नव्हतं. हात फार हळू चालतात. एक व्हॉल्व्ह अडकला होता, तो सोडवता सोडवता यांनी मला समजावूनसुद्धा सांगितलं, कसा अडकतो ते. मी चहा दिला. हीटर सुरू झाला आणि पत्रा तापताना टकटक वाजायला लागला. आता हे पिशवी आवरतील म्हणून मी यांच्या कपात आणखी चहा ओतला.

यांनी पिशवी आवरली नाही. हीटरपाशी जमिनीवरच बसले आणि म्हणाले, "हल्ली ज्या घरात जावं तिथे पलंगावर उघडी बॅग दिसते. पोहायचे कपडे, उन्हाच्या टोप्या. मी खाली वाकून त्यांचा पाइप जोडतोय आणि ते ठरवतायत, छत्री न्यायची की नाही. मला त्यांचा फार हेवा वाटतो ग. तुला कधी सांगितलं नाही. म्हटलं, तुला उगाच वाईट वाटेल."

 सगळा हिवाळा आम्ही दोघं एकाच घरात जळत होतो, आणि ऊब म्हणून काही नव्हती.

यांचा फोन वाजला. तीच मुलगी असणार, पुढचा पत्ता घेऊन. हे म्हणाले, "इथलं काम मोठं निघालंय. आज दुसरीकडे जमणार नाही." मग फोन उपडा ठेवला, बुटांवरची आवरणं काढली आणि बूटही काढले.

"काढतो यंदा आठवडाभर रजा," हे म्हणाले. "गारठू देत लोकांना. तुला सगळी ठिकाणं पाठ आहेत ना? सांग, कुठे जाऊ या?"

बेटं आठवली, गरम कुंडं आठवली, कोमट पाण्याचे किनारे आठवले.

"दक्षिणेला एक बंदर आहे," मी म्हणाले. "तिकडे या दिवसांत खोलीबाहेरच पडता येत नाही."