चाळीस आजोबा

पुनावळ्यातल्या त्या शाळेत आम्रपाली ग्रंथपाल म्हणून लागली, त्याला चार वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिने बसमध्ये मुलं मोजली, स्नेहसंमेलनाचे पडदे शिवून घेतले, आणि उरलेल्या वेळात ग्रंथालयही सांभाळलं. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब उद्घाटनाची फीत कापायला तेवढे तिसऱ्या मजल्यावर आले होते. त्यांचा आणि पुस्तकांचा संबंध त्या फितीबरोबरच तुटला.

मग बोर्डाचं पत्र आलं. तपासणी होणार होती आणि ग्रंथालयात समावेशक पुस्तकं हवी होती, म्हणजे प्रत्येक मुलाला आपल्यासारखं कुणीतरी पुस्तकात भेटायला हवं होतं. मुख्याध्यापिका साधना मॅडमनी ताबडतोब थर्माकोलची अक्षरं करायला दिली. 'समावेशक कोपरा' ही पाटी दोन दिवसांत तयार झाली. पुस्तकं तेवढी बाकी होती.

ती आम्रपालीने मनावर घेतली. दीड महिना खपून तिने एक्केचाळीस पुस्तकं निवडली. वाचून निवडली, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ती तपासायला जी समिती बसली तिला हा प्रकार नवीन होता. समितीत दादासाहेब, साधना मॅडम आणि पालकांच्या वतीने उत्कर्षा मॅडम. या हिंजवडीच्या एका कंपनीत लोकांना सर्वसमावेशकतेचं प्रशिक्षण देत.

पहिलं पुस्तक चाकाच्या खुर्चीतल्या एका वांड मुलीचं होतं. ती वर्गातल्यांचे डबे पळवून खायची.

"दिव्यांग मुलगी डबे चोरते?" उत्कर्षा मॅडम म्हणाल्या. "छे. तिच्याकडून मुलांना प्रेरणा मिळायला हवी."

"मॅडम, ती दहा वर्षांची आहे," आम्रपाली म्हणाली. पुस्तक बाजूला गेलं.

दुसऱ्यातल्या मुलीचे बाबा गटारं साफ करत. साधना मॅडमनी ते बोटाच्या टोकाने सरकवलं. "जातीचा विषय नको. आपल्या शाळेत जात मानतच नाहीत." आम्रपालीला आठवलं, मुलाखतीत याच मॅडमनी तिचं आडनाव तीनदा विचारलं होतं.

तिसरं गुलजार नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजवर होतं. दादासाहेबांनी मुखपृष्ठ लांब धरून पाहिलं. "आपला इरोध न्हाई बरं का. आपली गाडी बरकतच बघतो. सोन्यासारखा मानूस. पण पुस्तकात कशाला?"

अशी एकेक करत पुस्तकं बाजूला पडत गेली. चहा दोनदा झाला. शेवटी एक बारीकसं पुस्तक उत्कर्षा मॅडमच्या हाती आलं. त्यात एक म्हातारा नातीला घेऊन गावातल्या नव्या इमारतींमधून हिंडतो आणि कुठल्या इमारतीखाली कुठलं पीक होतं ते सांगतो.

"हे तर फारच झालं. 'व्हय', 'न्हाई', 'आमी'. इतकं अशुद्ध? असं बोलणाऱ्या माणसांबद्दल मुलांनी का वाचायचं?"

साधना मॅडम चहाच्या रिकाम्या कपात बघू लागल्या. दादासाहेबांची कानशिलं लाल झाली होती.

"बगू," ते म्हणाले.

त्यांनी पुस्तक घेतलं आणि ओठ हलवत वाचायला लागले. वीस मिनिटं ते वाचत होते. एका पानावर ते थांबले, मागे गेले, पुन्हा ते पान वाचलं. चष्मा काढून उपरण्याने पुसला.

"ह्ये ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

आम्रपालीला वाटलं, आता बोलावं. "दादासाहेब, बाकीच्या पुस्तकांचंही असंच आहे. त्यातली माणसं ज्यांच्यासारखी आहेत, त्या मुलांनाही वाचताना असंच..."

"त्यांचं येगळं हाय, म्याडम," दादासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "ह्याच्या चाळीस प्रती मागवा."

तपासणीच्या दिवशी थर्माकोलच्या अक्षरांखाली एकाच म्हाताऱ्याची चाळीस तोंडं ओळीने उभी होती. पाहुण्यांनी ग्रामीण समाजाला न्याय दिल्याबद्दल शाळेचं कौतुक केलं, 'उत्कृष्ट' असा शेरा मारला आणि जेवायला गेले.

आम्रपालीने समितीचं इतिवृत्त घरी नेऊन दोनदा वाचलं. 'नाकारलेली चाळीस पुस्तके समावेशक कोपऱ्यात ठेवू नयेत' एवढंच त्यात होतं. ग्रंथालयात ठेवू नयेत असं कुठेही नव्हतं. तिने सगळ्यांवर शिक्के मारले, क्रमांक टाकले आणि साध्या कपाटांत लावून टाकली. तिसरा मजला चढून समितीतलं कुणी येईल, ही धास्ती तिला नव्हती. दोन महिन्यांत डबेचोर मुलीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ निघून आलं आणि त्यासाठी अकरा मुलं नंबर लावून बसली.

पाचवीतली रुबीना, दादासाहेबांची गाडी बघणाऱ्या बरकतची मुलगी, गॅरेजचं पुस्तक परत करायला आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"मिस, चित्र चुकलंय. पाना असा धरला तर नट सुटतच नाही, बोटं सोलवटतात. अब्बू खूप हसले."

आम्रपालीने तिला कागद दिला. "प्रकाशकांना कळव. चित्रही काढ."

रुबीनाने बरोबर धरलेला पाना काढून, बाण दाखवून, पत्र धाडलं. महिन्याभराने उत्तर आलं की चूक मान्य आहे, पुढच्या आवृत्तीत सुधारू. पत्र शाळेच्या पत्त्यावर आल्यामुळे ते आधी साधना मॅडमनी फोडलं आणि आम्रपालीला बोलावणं आलं.

"हे गॅरेजचं पुस्तक आपल्याकडे आहे?"

"कोपऱ्यात नाही, मॅडम."

साधना मॅडमनी पत्र पुन्हा वाचलं. प्रकाशकांचं नाव मोठं होतं. त्यांनी पत्राची एक प्रत काढून रुबीनासाठी आम्रपालीच्या हातात दिली. मूळ पत्र पुढच्या तपासणीच्या फायलीत लावलं आणि वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'शाळेचा उपक्रम'.