पुढचं पान नाहीच!

रक्तदात्यांची वेबसाइट ती सांभाळायची, आणि तिची नणंद रक्तपेढीत तीच वेबसाइट दिवसभर वापरायची. त्या दुपारी नणंदेचा फोन आला तोच कडाडत.

"वहिनी, काय करून ठेवलंयस? बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये, गट दुर्मीळ, आणि इथे दिसतायत त्यांतला एकही दाता येऊ शकत नाही!"

"अगं, पुढच्या पानावर बघ ना. कितीतरी आहेत."

"पुढचं पान नाहीच! बटणच गायब आहे."

काय झालंय ते तिला लगेच कळलं. दाते हजारोंनी, म्हणून सर्व्हर एका वेळी एकच पान पाठवायचा आणि एकूण दाते किती, ते पानासोबत जाणाऱ्या एका छोट्या नोंदीत, म्हणजे हेडरमध्ये सांगायचा. खास या कामासाठी तिच्या टीमनंच बनवलेला हेडर. तो वाचूनच 'पुढे'चं बटण दिसायचं. सुरक्षेच्या नावाखाली ऑफिसातल्या साहेबांनी सगळे अनोळखी हेडर वाटेतच गाळायचं ठरवलं, तेव्हा तिनं बजावलं होतं, यात हाही हेडर जाईल आणि बटण दिसणार नाही. "पहिल्या पानापलीकडे जातं कोण?" म्हणत त्यांनी ते हसण्यावारी नेलं. आज सकाळीच तो बदल लागू झाला होता.

"ऐक. वरच्या पत्त्याच्या शेवटी एकचा आकडा आहे. तो खोडून दोन कर."

"आले! आले गं!" फोन कट झाला.

ती तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. "तो हेडर आत्ताच्या आत्ता सोडा."

"सोमवारच्या बैठकीत बघू."

"सोमवारी? तिकडे बाई मरतेय!"

आवाज बाहेरपर्यंत गेला. माना वळल्या. साहेबांनी चडफडत परवानगी दिली आणि वर म्हणाले, "अहवालात मात्र लिहा, पानाच्या कोडमध्ये दोष होता."

"माझ्या कोडमध्ये? मेले तरी लिहिणार नाही!"

संध्याकाळी नणंद ड्युटीवरून थेट तिच्याकडे आली. "वाचली बाई. एक सुतार कामावरून तसाच धावत आला, अंगावर भुसा घेऊन."

तिचा जीव भांड्यात पडला. नणंद मात्र बसेना. "असं होणार हे तुला माहीत होतं?"

"साहेबांना सांगितलं होतं मी!"

"साहेब रक्त शोधतात का? मला का नाही सांगितलंस? सकाळपासून मी लोकांना 'दाता नाही' म्हणून परत पाठवतेय!"

ती आणखीच भडकली. साहेबांवर, नणंदेवर, स्वतःवर. तिनं लॅपटॉप ओढला आणि सगळ्या रक्तपेढ्यांना लिहिलं: आज सकाळपासून तुम्हाला दिसलेली यादी अपुरी होती, ज्यांना नाही म्हणालात त्यांच्यासाठी पुन्हा शोधा. खाली स्वतःचं नाव घातलं.

थोड्याच वेळात साहेबांचा फोन. "कुणाला विचारून पाठवलंत हे?"

"कुणालाच नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. शेजारी नणंद सकाळी परत पाठवलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना एकेक करून फोन लावत होती.