दुमडलेली चार पानं

माह्या सुनेनं, रमानं, साडेतीन महिने तोंडातून शब्द काढला नव्हता, अन् रविवारी हिरालाल तिले तुमसरले माहेरी नेऊन घालणार होता. नेऊन घालणार म्हणजे कायमचं, हे काय मले समजत नव्हतं? पोरगा माहा आहे, पण त्याचाबी जीव थकला होता. ड्यूटीवरून यावं, तर बायको भिताडाकडं पाहत बसलेली. "माय, मी काय करू?" म्हणे. मी काय सांगू, कपाळ माहं!

रमाचा गुलाब गेला होता. आठ महिन्यांचं लेकरू, दोन दिवसांच्या तापात गेलं. मीच घरात बजावलं, त्याचं नाव कोणी काढायचं नाई. पाळणा कुरुद गावच्या दूधवालीले देऊन टाकला. झबली लपवली. मले वाटे, डोळ्यापुढं नसलं तर दुखणार नाई.

आमच्या ओळीतल्या क्वार्टरांच्या बाया दुपारी कमलाच्या ओसरीवर जमत. कमला नागपूरची, सातवी शिकलेली, नवरा कारखान्याच्या रेल्वेत. तिच्यापाशी पुठ्ठा फाटलेलं एक जाडं पुस्तक होतं, एका नावाड्याच्या बायकोची गोष्ट. ती वाचे, आमी तांदूळ निवडत ऐकू. दोनचा भोंगा झाला की जिथं असन तिथं वाचन बंद, कारण माणसं कारखान्यातून येत अन् त्यायले गरम वाढा लागे. पण तोवर बाया हसत, त्या गोष्टीतल्या सासऱ्याले शिव्या देत, मन मोकळं करत. माही छाती धडधडते ते इथं आल्यावरच थांबते, असं भीमाबाई शपथेवर सांगे. म्हणून मी रमाले रोज हाताला धरून आणून बसवे. ती बसे, बस.

आमचा एक नेम होता. मरणाचं पान वाचायचं नाई. आमी साऱ्या गाव सोडून इथं आलेल्या, प्रत्येकीचं मागं कोणी ना कोणी गेलेलं. कमला आदल्या दिवशी वाचून पाहे अन् तसली पानं दुमडून ठेवे. वाचता वाचता तिथून पुढं जाये. आमाले समजे, पण कोणी विचारत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिनं मले नळावर गाठलं. "शकुबाई, आज नावाड्याच्या बायकोचं पोरगं जाते व. चार पानं आहेत."

"दुमड ना मंग!" मी म्हणलं. "चार काय, आठ दुमड. रविवार परवावर आला. हिले काई झालं तर हिरालाल उद्याच गाडीत बसवन."

दुपारी कमला वाचून राहिली होती. माहं ध्यान गोष्टीत कुठलं, ते रमाच्या हातांवर होतं. ती पदराचं टोक पिळून राहिली होती. गोष्टीतलं पोरगं पाळण्यात खोकलं. कमलानं बोट जिभेले लावलं, पानं उलटली, अन् एकदम नदीले पूर आला, होडी निघाली.

"पोरगं कुठी गेलं?"

मले वाटलं भीमाबाई बोलली. पण भीमाबाई तर तोंड उघडं टाकून माह्या सुनेकडं पाहत होती. अव माय! रमा बोलली होती.

"आहे ना, झोपलं ते," मी घाईघाईनं म्हणलं. "कमला, वाच."

"नाई झोपलं," रमा उठली. "पानं सोडली तुमी. नेहमीच सोडता."

तिनं कमलाच्या हातातून पुस्तक घेतलं. मी तिचा हात धरला. "ठेव ते! मरशीन पोरी!" तिनं हात हिसडला. ज्या सुनेनं चार वर्षांत माह्यापुढं मान वर केली नाई, तिनं! अन् तिले वाचता येते हेही मले आजच समजलं. विचारलं होतं कोणी?

अक्षराखाली बोट फिरवत, अडखळत, तिनं वाचलं. लेकरू गेलं. तिसऱ्या दिवशी नावाड्याच्या बायकोनं त्याचं झबलं धुतलं, वाळत घातलं, अन् सांजेले वाळलं म्हणून घडी केली. तिथं रमाचा आवाज फाटला. ती अशी रडली की ओळीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. साडेतीन महिन्यांत डोळ्यातून टिपूस नव्हतं. झालं, पोरगी हातची गेली, मीच हिले इथं आणली, एवढंच मनात येत होतं.

दोनचा भोंगा झाला. एकही बाई उठली नाई.

माणसं सायकलींवर येऊ लागली. हिरालाल आमच्या दाराले कुलूप पाहून इकडं आला अन् कुंपणापाशी थबकला. रमाचं लक्ष नव्हतं. तिनं नाक पुसलं अन् मले विचारलं, "आत्याबाई, माह्या गुलाबची झबली कुठी ठेवली?"

साऱ्या बाया खाली पाहू लागल्या. ज्या नावाले मी घरात बंदी घातली, ते मलेच घ्या लागणार होतं.

"गुलाबची?" मी म्हणलं, अन् मलेच रडू फुटलं. "गुलाबची कोठीत आहेत व, तांदळाखाली."

हिरालालनं सायकल तशीच आडवी टाकली. आत येऊन पायरीवर बसला, लहान पोरावाणी.

"माय," तो म्हणाला, "पिवळंबी आहे ना?"